छापे मजूर स्त्रीवर, मोकळीक मालकाला

रायपूर शहरातील मालीश केंद्रांवर पोलिसांनी छापे घालावेत आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी त्यांची रसभरित वर्णने छापावीत, हे आता इतके नित्याचे झाले आहे की बातमी न वाचताही तिचा तपशील सांगता यावा. बनावट गिऱ्हाईक आत पाठविले जाते, त्याच्याजवळच्या नोटांचे क्रमांक आधी टिपून ठेवलेले असतात, इशारा मिळताच पथक शिरते. मग ओढणीने तोंड झाकलेल्या चार-सहा मुली पोलीस ठाण्यात ओळीने उभ्या केल्या जातात. त्या कोणत्या राज्यातून आल्या हे ठळक अक्षरांत छापले जाते. एखादी ईशान्येकडची असली तर तिच्या चेहरेपट्टीवरूनच निकाल लागतो. व्यवस्थापक म्हणून पगारावर राबणारा एखादा पोरगा गजाआड जातो. मालक 'फरार' असतो. आणि ज्याच्या गाळ्यात हा सारा व्यवहार महिनोन् महिने चालला, ज्याने दरमहा त्याचे भाडे मोजून घेतले, त्या घरमालकाचे नाव बातमीत शोधूनही सापडत नाही. काही आठवड्यांनी त्याच रस्त्यावर नवी पाटी लागते.

ही तऱ्हा एकट्या रायपूरची नाही. नागपूर, अमरावती, कोल्हापूर येथील साथींना ती परिचित आहे. महानगरांत जे पूर्वी वस्त्यांतून उघड चालत असे, ते आता जिल्ह्याच्या गावी काचेच्या दाराआड, 'स्पा' या नव्या नावाने चालते. कष्टकऱ्यांच्या चळवळीने या प्रश्नाकडे नाक मुरडून पाहू नये, कारण तेथे काम करणारी स्त्री ही प्रथम मजूर आहे. प्रत्येक छाप्यानंतर तिचीच मजुरी, तिचेच घर आणि तिचेच नाव जाते.

कायदा काय म्हणतो हे नीट पाहिले पाहिजे, कारण त्याच्या नावाने जे चालते ते बहुतांशी त्यात नाही. १९५६ साली संमत झालेल्या व १९८६ च्या दुरुस्तीने 'अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम' हे नाव मिळालेल्या या कायद्यात मालीश हा गुन्हा नाही. दोन सज्ञान व्यक्तींमधील खाजगी व्यवहारही त्याने गुन्हा ठरविलेला नाही. त्याने गुन्हा ठरविला आहे तो कुंटणखाना चालविणे, दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणे, त्यासाठी माणसे मिळविणे आणि कोंडून ठेवणे. सार्वजनिक स्थळांपासून २०० मीटरच्या आत हा व्यवहार करण्यास व गिऱ्हाइकाला उघड आवाहन करण्यासही शिक्षा आहे. या शेवटच्या कलमाकडे, म्हणजे कलम ८ कडे, जरा थांबून पाहावे. उघड आवाहनाबद्दल स्त्रीला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तोच अपराध पुरुषाने केला तर किमान सात दिवस आणि कमाल तीन महिने. समान अपराधाला पुरुषासाठी निम्मी मर्यादा! संसदेच्या न्यायबुद्धीचा हा नमुना आजही कायद्याच्या पुस्तकात जसाच्या तसा आहे.

मालीश कोठे संपते आणि देहविक्रय कोठे सुरू होतो, याचा निवाडा प्रत्यक्षात पंचनामा लिहिणारा अधिकारी करतो. तो मनमानी करील ही शंका कायदा करणाऱ्यांनाही होती. म्हणूनच झडतीचा अधिकार निरीक्षकाहून खालच्या दर्जाच्या नसलेल्या विशेष पोलीस अधिकाऱ्याला दिला. झडतीच्या वेळी दोन महिला पोलीस हव्यात, वस्तीतील दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच हवेत, त्यांतील एक स्त्री हवी, पकडलेल्या स्त्रीची विचारपूस महिला अधिकाऱ्यानेच करावी, असे बंधन घातले. छाप्याच्या किती बातम्यांत या पंच स्त्रीचा उल्लेख येतो?

याच कायद्याच्या कलम ३ मध्ये एक पोटकलम आहे, ते वृत्तपत्रांच्या संपादकांनी तरी वाचावयास हवे होते. आपली जागा कशासाठी वापरली जाते हे ठाऊक असूनही ती भाड्याने देणाऱ्या मालकाला पहिल्या अपराधाला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. 'मला ठाऊक नव्हते' हा त्याचा ठरलेला बचाव. तो मोडण्यासाठी कायद्याने असे गृहीत धरले आहे की, त्या जागेत झडतीत असा व्यवहार आढळल्याचे वृत्त घरमालक राहतो त्या भागात खपणाऱ्या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले असेल, तर घरमालकाला ते ठाऊक होते. नव्हते हे त्यानेच सिद्ध करावे. म्हणजे छाप्याची बातमी हे कायद्याच्या दृष्टीने घरमालकाच्या गळ्यातले लोढणे आहे. प्रत्यक्षात मात्र तिचा उपयोग मुलींची छायाचित्रे घरोघर पोहोचविण्यासाठी झाला. मालमत्तेला हात लावण्याचे हत्यार कायद्याने दिले आणि व्यवस्थेने ते मजुराच्या अब्रूवर चालविले.

न्यायालयांनी या बाबतीत पोलिसांपेक्षा अधिक समज दाखविली आहे, हे मान्य केले पाहिजे. मुंबईतील मालाड येथून ताब्यात घेतलेल्या तीन सज्ञान स्त्रियांना मुक्त करताना मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले की, देहविक्रय हा या कायद्याखाली स्वतःहून गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध सुधारगृहात डांबता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मासकर खटल्यात १९ मे २०२२ रोजी आणखी पुढे पाऊल टाकले. हा खटला १९९९ साली कोलकात्यात झालेल्या एका देहविक्रय करणाऱ्या स्त्रीच्या खुनातून उद्भवला. पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावे, छाप्याच्या वृत्तात त्यांची ओळख वा छायाचित्र प्रसिद्ध होऊ नये, संरक्षणगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांच्या सुटकेसाठी पाहणी करावी, असे निर्देश न्यायालयाने दिले. छाप्यात या स्त्रियांना अटक करू नये, अशीही न्यायालयाने नेमलेल्या समितीची शिफारस होती. समितीच्या काही शिफारशींवर केंद्र सरकारने हरकती नोंदविल्या. दिल्लीतील मंत्रालयाची ही हरकत आणि रायपूरच्या ठाण्यातली ती रांग, यांचे नाते दूरचे नाही.

आता मालीशच्या धंद्याकडेच वळू. मालीश हे जुने, प्रतिष्ठित श्रमाचे काम आहे. बाळंतिणीला व तान्ह्या बाळाला चोळणारी दाई, मुंबईच्या चौपाटीवर तेलाच्या बाटल्या वाजवीत फिरणारा मालीशवाला, पंचकर्मातील परिचारक, हे सारे हातांच्या कौशल्यावर पोट भरणारे लोक. आज सरकारच कौशल्यविकासाच्या योजनेत 'स्पा थेरपिस्ट' हा अभ्यासक्रम चालविते आणि शरीरस्वास्थ्याच्या सेवांवर वस्तू व सेवा कर घेते. सप्टेंबर २०२५ मध्ये या सेवांवरील कराचा दर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे धंदा मान्य, प्रशिक्षण मान्य, कर तर मान्यच. मान्य नाही ती फक्त तेथे काम करणाऱ्या मुलीची मजूर ही ओळख.

कारण पुष्कळ ठिकाणी या केंद्रांचा नफा मालीशच्या दरात नसून त्यापुढच्या 'खास' सेवेत असतो. पगार मुद्दामच इतका तुटपुंजा ठेवला जातो की बक्षिसीवाचून महिना निघू नये. राहण्याची खोली मालकाची, प्रवासाची उचल मालकाकडून, आणि बक्षीस कशाबद्दल मिळते हे मालकाने न विचारावयाचे. जबरदस्तीला येथे दंडुका लागत नाही, हिशेबाची वही पुरते. छापा पडला की मालक म्हणतो, मुलींनी परस्पर केले. ज्या मुलीने प्रामाणिकपणे केवळ मालीशच केले, तीही त्याच रांगेत उभी राहते, तिच्याही गावी तेच छायाचित्र पोहोचते.

या मुलीचे नाव कोणत्या हजेरीपटावर आहे? छत्तीसगढ विधानसभेने २०१७ साली संमत केलेला दुकाने व आस्थापना कायदा फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाला आणि १९५८ चा जुना कायदा संपला. नवा कायदा दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू झाला. चार-सहा मुलींचे मालीश केंद्र त्याच्या बाहेर! 'व्यवसाय सुलभता' या गोंडस नावाखाली मालकाला जी सूट मिळाली तिचा अर्थ हा. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या केंद्राच्या श्रमसंहितांपैकी सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेतही सर्वसाधारणपणे दहाचीच मर्यादा आहे. किमान वेतन कागदावर सर्वांना आहे. पण ज्या दारात श्रम निरीक्षक कधी जात नाही, त्या दारात शेवटी पोलीसच जातो.

आणि या मुली येतात कोठून? रायपूर १ नोव्हेंबर २००० रोजी राजधानी झाले. उरला, सिलतराच्या भट्ट्या पेटल्या, ठेकेदारी व जमिनीच्या व्यवहारांचा पैसा आला, हॉटेले आणि मॉल उभे राहिले. या पैशाबरोबर त्याच्या चैनीची बाजारपेठही आली. स्त्रियांचे कारखान्यांतील व खाणींतील काम मात्र या राज्यात कधीचेच आटत चालले आहे. बैलाडिलाच्या लोहखाणीत यंत्रे आली तेव्हा हाताने खनिज फोडणाऱ्या हजारो मजुरांची कपात झाली. एप्रिल १९७८ मध्ये किरंदूल येथे त्याविरुद्ध लढणाऱ्यांवर गोळ्या चालल्या. कामावरून गेलेल्या आदिवासी स्त्रियांची पुढे काय गत झाली, हे त्या पट्ट्यातील जुने कार्यकर्ते विसरलेले नाहीत. दल्ली-राजहराच्या मजुरांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संपूर्ण यंत्रीकरणाला विरोध केला, तो हेच चित्र डोळ्यांसमोर ठेवून. १९२० च्या संपाने इतिहासात गेलेली राजनांदगावची कापड गिरणी २००२ साली बंद पडली. मार्च २०२४ पासून राज्य सरकार 'महतारी वंदन' योजनेत विवाहित, विधवा व परित्यक्ता स्त्रियांना दरमहा हजार रुपये देते. घर चालविण्यासाठी शहरात आलेली वीस-बावीस वर्षांची अविवाहित मुलगी या वंदनातही बसत नाही.

स्त्रियांच्या 'रक्षणा'ची ही भाषा कोणाविरुद्ध वापरली जाते, याचा दाखला रायपूरपासून चाळीसएक किलोमीटरवरील दुर्गच्या रेल्वे स्थानकावर जुलै २०२५ मध्ये मिळाला. नारायणपूरच्या तीन आदिवासी तरुणी नोकरीसाठी आग्र्याकडे निघाल्या होत्या. बजरंग दलाच्या टोळक्याने आरडाओरडा केला आणि त्यांच्यासोबतच्या केरळीय ख्रिस्ती भगिनींवर व एका आदिवासी तरुणावर मानवी व्यापाराचा आरोप ठेवून त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. आपण स्वेच्छेने निघालो, असे त्या तरुणी सांगत राहिल्या. २ ऑगस्टला बिलासपूरच्या न्यायालयाने जामीन दिला. सज्ञान आदिवासी स्त्री कामासाठी गाडीत बसली तर तो मानवी व्यापार. गाळ्याचे भाडे घेणारा मात्र सभ्य गृहस्थ! आणि २०१७ पासून स्वतःच्या महामंडळामार्फत दारूची दुकाने चालविणाऱ्या शासनाने शहराच्या नीतीची चिंता वाहावी, यावर अधिक भाष्याची गरज नाही.

बंदीने काय साधते हे मराठी वाचकांना सांगावयास नको. २००४ साली गोव्यात बायना येथील वस्ती पाडण्यात आली. २००५ साली महाराष्ट्राने नृत्यबार बंद केले. न्यायालयांनी ती बंदी पुढे टिकू दिली नाही, पण दरम्यान ज्यांचे काम गेले त्यांची नोंद कोणी ठेवली? ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरच्या पोलीस आयुक्तांनी गंगाजमुना वस्तीला अडथळे उभारून कुलूप लावले. रायपूर याच मुंबई-हावडा मार्गावर आहे. एका ठिकाणी दार बंद झाले की दुसऱ्या ठिकाणी भाडे वाढते, आणि हलत राहणारी स्त्री अधिक एकटी, अधिक कर्जबाजारी होते.

१९१३ साली लंडनमध्ये वेश्याव्यवसायविरोधी पाचवी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. सरदारणी, धर्मगुरू आणि पोलीस अधिकारी तेथे उपदेश करीत होते. ऑस्ट्रियाच्या प्रतिनिधीने कामगार कुटुंबांचे दारिद्र्य व असह्य घरे यांचा विषय काढताच त्याला ओरडून गप्प बसविण्यात आले. लेनिनने त्या वेळी लिहिलेल्या छोट्या लेखात हा प्रसंग नोंदविला आहे. शतक उलटले, तरी सभागृह तेच आहे.

देहाच्या खरेदी-विक्रीला 'इतर कामांसारखेच एक काम' म्हणून गोंजारण्याची जी नवी रीत आहे, ती स्वीकारण्याचे कारण नाही; गरज आणि कर्ज ज्या संमतीवर सही घेतात ती संमती तपासली गेलीच पाहिजे. परंतु धंद्याला शोषण म्हणणे आणि शोषितेला आरोपी म्हणणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि चळवळीतील काही साथीही 'स्पा हटाव' मोर्चाचे निमंत्रण आले की ते विसरतात. मोर्चा कोण काढतो, तो घरमालकाच्या दारावर जातो की मुलींच्या, हे पाहूनच पाऊल उचलले पाहिजे.

करण्यासारखे बरेच आहे. विशेष पोलीस अधिकाऱ्याच्या सल्ल्यासाठी पाच जणांपर्यंतचे बिनसरकारी मंडळ राज्य सरकारने नेमावे, अशी सोय कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. त्यात कामगार व महिला संघटनांच्या प्रतिनिधींची मागणी रायपूर, दुर्ग, बिलासपूर येथे करता येईल. दहाच्या मर्यादेविरुद्ध दुकान कामगारांच्या संघटनेने मालीश केंद्रे आणि ब्यूटी पार्लरमधील मुलींनाही सभासद करून घ्यावे. वेतनचिठ्ठी आणि ओळखपत्र ही तिच्या हातातली पहिली ढाल ठरेल. कलम १८ खाली दंडाधिकारी जागेच्या मालकाला सात दिवसांत खुलासा मागू शकतो. छाप्याची बातमी ज्या सकाळी येते, त्याच सकाळी तिचे कात्रण जोडून घरमालकाविरुद्ध अर्ज दाखल करणे, हे काम शहरातील एका वकील साथीच्या अर्ध्या दिवसाचे आहे.