पडद्यावरचे औषध

रात्री अकरानंतर किंवा दुपारी जेवणे आटोपल्यावर टीव्ही लावून पाहा. एखाद्या वाहिनीवर अर्धा-अर्धा तास एकच जाहिरात चाललेली आढळेल. बसायला सोफा, समोर टाळ्या वाजवणारी मंडळी, पांढरा कोट घातलेला कोणी एक गृहस्थ आणि टेबलावर तेलाच्या बाटल्या. काल ज्यांना जिना चढता येत नव्हता ते आज नाचताहेत, आणि ‘लगेच फोन करणाऱ्यांना’ एकावर एक बाटली मोफत!

ही पद्धत अमेरिकेतून आली. तेथे जाहिरातींच्या वेळेवर असलेली मर्यादा १९८४ मध्ये उठली आणि अर्ध्या तासाच्या जाहिरातींचा धंदा फोफावला. आपल्याकडे केबल आली तशी १९९०च्या दशकात तीही आली. सुरुवातीला गोऱ्या माणसांचे ओठ एकीकडे आणि हिंदी आवाज दुसरीकडे असे चाले. लोक करमणूक म्हणून पाहत. आता बोलणारा आपल्याच भाषेत बोलतो, ‘मावशी’, ‘काका’ म्हणतो, आणि तेथेच फसगत होते.

वेळही मोठ्या हुशारीने निवडलेली असते. मध्यरात्री जागे कोण असते? ज्याचा गुडघा ठणकतो तो. साखर वाढल्याने लघवीला चार वेळा उठावे लागते तो. घरचे सगळे झोपलेले, विचारायला कोणी नाही, आणि हातात मोबाईल.

कमरेच्या पट्ट्यांविषयी फार लिहीत नाही. घामाच्या पट्ट्याने शरीरातले पाणी जाते. दोन पेले पाणी प्यायलात की वजन जागेवर. एक किलो चरबी जाळायची तर सुमारे ७,७०० कॅलरी खर्चाव्या लागतात, त्या पट्टा बांधून पडल्या पडल्या खर्च होत नाहीत. विजेचे हलके झटके देणाऱ्या पट्ट्याने स्नायू आकुंचन पावतात हे खरे, पण त्याने पोट उतरत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २००२ मध्ये अशा तीन पट्ट्यांच्या विक्रेत्यांना न्यायालयात खेचले होते. मधुमेह्यांनी मात्र गरम पट्ट्यापासून दूरच राहावे. नसा बधिर झालेल्यांना चटका कळत नाही, आणि कळतो तेव्हा फोड आलेला असतो.

उंची वाढवणाऱ्या पावडरीचेही तसेच. हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. मुलींमध्ये साधारण १४ ते १६ आणि मुलांमध्ये १६ ते १९ व्या वर्षापर्यंत ती मिटते. त्यानंतर कोणतेही चूर्ण हाड लांबवू शकत नाही. पोलीस भरतीच्या तयारीतल्या पोरांनी यावर पैसे घालवू नयेत.

गुडघ्याच्या तेलाचा प्रश्न जरा निराळा आहे, कारण ‘मला गुण आला’ असे सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. आपल्या भागात आयुष्यभर ऊसतोडीत, पेरूच्या बागेत उभे राहून कामे केलेली माणसे. त्यांच्या सांध्यांची कूर्चा झिजते, आणि झिजलेली कूर्चा तेलाने परत येत नाही. पण झिजेचे दुखणे सारखे नसते, ते चढते आणि उतरते. माणूस तेल मागवतो कधी? दुखणे सर्वांत चढलेले असते तेव्हा. पार्सल येईपर्यंत आठवडा जातो, मग सून चोळून देते, उबेने बरे वाटते, आणि दुखणे तसेही उतरणीला लागलेले असते. श्रेय बाटलीला! पुढच्या थंडीत पुन्हा दुखते तेव्हा माणूस म्हणतो, ‘कोर्स पुरा केला नाही.’ खोबरेल चोळले असते तरी असाच अनुभव आला असता. तो मात्र शे-दोनशे रुपयांत आला असता.

उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगरच्या एका वकिलाने २०१२ मध्ये सत्तर वर्षांच्या वडिलांसाठी असेच ३,६०० रुपयांचे तेल घेतले. गुण आला नाही, पैसेही परत मिळेनात. ग्राहक न्यायालयात गेल्यावर २०१९ मध्ये निकाल लागला आणि नुकसानभरपाई देणाऱ्यांत त्या जाहिरातीतले सिनेनट गोविंदा आणि जॅकी श्रॉफ यांचाही समावेश झाला. सात वर्षे चिकाटी धरणारा मुलगा प्रत्येकाच्या घरी नसतो.

तेलाने पैसे जातात. मधुमेहाच्या पावडरीने पाय जातो. साठीपुढचे एक शेतकरी माझ्याकडे आले तेव्हा तळपायाची जखम हिरवट झाली होती. तीन महिने इन्सुलिन बंद. का, तर ‘डॉक्टरसाहेब, फोनवरच्या बाईंनी सांगितलं, सुई बंद केल्याबिगर पावडर लागू पडत नाही.’ बोट काढावे लागले, पाय थोडक्यात वाचला. त्यांना दोष देणे मला जमले नाही. गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टर रुग्णाला तीन मिनिटे देतो आणि ‘औषध जन्मभर’ असे सांगतो. टीव्हीवाला अर्धा तास देतो आणि ‘नव्वद दिवसांत मुक्ती’ म्हणतो. माणूस कोणाचे ऐकेल?

‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य तर पाठ झालेले आहे. आयुर्वेदाचा चांगला वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो, पथ्य विचारतो. पडद्यावरचा वैद्य कोणाची नाडी पाहतो? सगळ्यांना एकच डबा.

कायदा नाही असे नव्हे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ सालचा आहे. मधुमेह, लठ्ठपणा, संधिवात, उंची यांवरच्या औषधांची अशी जाहिरात करणे त्याने गुन्हा ठरते, पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. आपला जिल्हा ज्या खंडपीठाखाली येतो त्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये टीव्हीवर ‘यंत्रे’ विकणाऱ्या जाहिराती २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. त्या खटल्यामागे होता एक शिक्षक. पण कायदा आपण होऊन रात्री साडेअकराला टीव्ही पाहत बसत नाही, कोणीतरी कळवावे लागते.

तेव्हा वाहिनीचे नाव, दिवस आणि वेळ लिहून ठेवा, डबा आणि बिल फेकू नका, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या अहिल्यानगर कार्यालयाकडे अर्ज करा. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही तक्रार घेतात. साखर तपासायची तर राहात्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. एखादी पावडर चालू असेल तर तपासणीला येताना तो डबा घेऊन या. डॉक्टर रागावतील म्हणून पिशवीच्या तळाशी दडवून आणलात तरी चालेल, पण आणा.