आठ जिल्हे, पण साक्षीदार किती?

१/ इतिहासप्रेमींच्या समाजमाध्यमांवर एक नकाशा वारंवार फिरतो. महाराष्ट्रावर १९४८ पूर्वीच्या हैदराबाद संस्थानाची सरहद्द काढलेली असते आणि आजच्या जिल्ह्यांचे उत्पन्न, साक्षरता किंवा सिंचन रंगांनी दाखवलेले असते. सरहद्दीच्या आत रंग फिका, बाहेर गडद. निष्कर्ष ठरलेला: निजामाची राजवट गेली, तिची खूण राहिली. पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्या वर्षी मीही असाच नकाशा चर्चासत्रात मोठ्या आत्मविश्वासाने मांडला होता. आमच्या मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, “हे आठ साक्षीदार आहेत, की एकाच साक्षीदाराच्या आठ जबान्या?” मला उत्तर देता आले नाही. हा धागा त्या उत्तराच्या शोधाचा आहे.

२/ वास्तविक हा प्रश्न आपल्याला नवा नाही. एखादा प्रसंग दहा हस्तलिखितांत सापडला, पण ती दहाही एकाच मूळ बखरीच्या नकला निघाल्या, तर आपण पुरावा दहा मानत नाही, एकच मानतो. साधनचिकित्सेचा हा पहिला धडा. कागदांच्या बाबतीत इतके सावध असणारे आपण नकाशासमोर मात्र भोळे होतो. तेथे प्रत्येक जिल्हा आपल्याला स्वतंत्र पुरावा वाटतो.

३/ ही शंका सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी घेतली गेली आहे. १८८८ साली लंडनच्या मानवशास्त्र संस्थेत एडवर्ड टायलर यांनी तीनशे ते चारशे मानवसमूहांतील विवाह व वंशगणनेच्या चालींची तुलना मांडली. अध्यक्षस्थानी फ्रान्सिस गाल्टन होते. त्यांची हरकत अशी होती: हे समूह परस्परांपासून कितपत स्वतंत्र आहेत? शेजाऱ्यांनी चाली एकाच उगमातून उचलल्या असतील, तर त्या एकाच मुळाच्या प्रती ठरतात. अभ्यासक आजही याला ‘गाल्टनची समस्या’ म्हणतात. हस्तलिखितांची चिकित्साच त्यांनी नकळत भूगोलाला लावली होती.

४/ संख्याशास्त्रात या गुणधर्माला ‘अवकाशीय स्वसहसंबंध’ म्हणतात. नाव अवघड आहे, पण गोष्ट रोजच्या अनुभवातली आहे. एका गावात पाऊस पडला, तर शेजारच्या गावातही पडण्याची शक्यता अधिक. भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोब्लर यांनी १९७० साली याला भूगोलाचा पहिला नियम म्हटले: सर्वच गोष्टी एकमेकींशी निगडित असतात, परंतु जवळच्या गोष्टी दूरच्यांपेक्षा अधिक.

५/ हे मोजायचे कसे? पॅट्रिक मोरान यांनी १९५० साली दिलेला निर्देशांक सर्वाधिक वापरला जातो. १९५४ साली आयर्लंडचे रॉय गिअरी यांनी दुसरे माप सुचवले. मोरान यांची रीत एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका रस्त्यावर ओळीने सहा गावे आहेत आणि त्यांतील शाळांची संख्या अनुक्रमे १, २, ३, ४, ५, ६ आहे. सरासरी ३.५. प्रत्येक गावाचा सरासरीपासूनचा फरक काढा. शेजारच्या दोन गावांचे फरक एकमेकांशी गुणा. अशा पाच जोड्यांच्या गुणाकारांची सरासरी १.७५ येते. तिला सहाही फरकांच्या वर्गांच्या सरासरीने, म्हणजे सुमारे २.९२ ने, भागले की उत्तर ०.६ मिळते.

६/ आता तेच आकडे १, ६, २, ५, ३, ४ असे मांडा. निर्देशांक उणे ०.९१ होतो. आकडे तेच, सरासरी तीच, बदलला तो केवळ शेजार. निर्देशांक धन असेल, तर सारखे सारख्याजवळ बसले आहे. ऋण असेल, तर उंचाशेजारी सखल आहे. जागेशी काही संबंधच नसता, तर सहा गावांसाठी अपेक्षित मूल्य उणे ०.२ असते.

७/ पण ०.६ हा योगायोग नाही कशावरून? त्यासाठी चाचणी लागते आणि तिची कल्पना फार सोपी आहे. सहा आकडे सहा गावांत शक्य त्या सर्व प्रकारे वाटून पाहा. अशा एकूण ७२० मांडण्या होतात. त्यांतल्या अवघ्या १६ मांडण्यांत निर्देशांक ०.६ किंवा त्याहून अधिक येतो, म्हणजे शंभरात दोनांच्या आसपास. म्हणून हा शेजार केवळ योगायोगाने जमला असेल, असे मानणे कठीण जाते. जिल्हे पुष्कळ असतील, तर सर्व मांडण्या तपासणे अशक्य असते. मग संगणकाकडून काही हजार मांडण्या यदृच्छेने करून घेतात.

८/ याकडे दुर्लक्ष केले तर काय होते? डब्लिनचे अर्थेतिहासकार मॉर्गन केली यांनी २०१९ साली नामांकित नियतकालिकांतील २७ अभ्यास तपासले. दूरच्या भूतकाळाचा ठसा आजच्या परिस्थितीवर कसा टिकला, हे दाखवणारे ते अभ्यास होते. केली यांनी त्यांतला ऐतिहासिक घटक काढून त्या जागी शेजारधर्म पाळणारे निव्वळ कृत्रिम आकडे घातले. बहुतेक ठिकाणी त्या निरर्थक आकड्यांनीही वर्तमानाचे ‘स्पष्टीकरण’ मुळाइतकेच, किंबहुना अधिक चांगले दिले. इतिहास खोटा ठरला असा याचा अर्थ नाही. साक्षीदार मोजण्यात चूक झाली होती, एवढाच त्याचा अर्थ.

९/ आता मराठवाड्याकडे वळू. १९४८ साली येथे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे होते. १९८१ साली जालना, १९८२ साली लातूर आणि १९९९ साली हिंगोली वेगळे झाले. पाचांचे आठ झाले म्हणून निजामी राजवटीविषयीचा पुरावा वाढला काय? प्रशासनाने रेघ ओढली की इतिहासाला नवा साक्षीदार मिळतो, असे कोणी म्हणणार नाही. पण नकाशा पाहताना आपण नेमके तेच गृहीत धरतो.

१०/ शिवाय राजकीय सरहद्दीवर दुसरी एक सीमा येऊन पडते, ती म्हणजे पर्जन्यछाया. मराठवाड्याचा मोठा भाग तिच्यात येतो. पण सोलापूर, अहिल्यानगर आणि साताऱ्याचा पूर्व भागही तिच्यातच येतो आणि तेथे निजाम नव्हता. म्हणून खरी कसोटी नकाशाच्या दोन टोकांच्या तुलनेत नाही, ती सरहद्दीवर आहे. एके काळी मुंबई इलाख्यातला करमाळा आणि निजामाच्या राज्यातला परांडा हे लगतचे तालुके. हवामान जवळपास एकच, राजवटी दोन. जमीनदारी व रयतवारी पद्धतींच्या दीर्घकालीन परिणामांवर अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी शेजारच्या जिल्ह्यांपुरती वेगळी तुलनाही करून पाहिली. हाच मार्ग योग्य आहे.

११/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याची खरी गरज भासते. निर्देशांक काढण्यापूर्वी ‘शेजारी कोण?’ हे ठरवावे लागते आणि ते संगणक ठरवत नाही. सातारा व रत्नागिरी यांची सीमा लागून आहे. पण मध्ये सह्याद्री उभा असताना शेजार घाटवाटांनी ठरतो, सीमारेषेने नव्हे. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. जिल्ह्याची सरासरी ही दरी गिळून टाकते. जुने व्यापारी मार्ग, बाजारपेठा, सोयरिकीचे टापू, वारीच्या वाटा यांचे ज्ञान असलेला अभ्यासकच शेजाराची खरी व्याख्या करू शकतो. गणित तिच्यानंतर सुरू होते.

१२/ माझे मत स्पष्ट आहे. निजामी राजवटीचा परिणाम झाला नाही, असे मी म्हणत नाही. तो झाला असणे पूर्णतः संभवनीय आहे. मात्र रंगीत नकाशा तो सिद्ध करत नाही. निर्देशांकही कारण सांगत नाही, तो फक्त सांगतो की येथे जबान्या एकमेकींशी जुळवलेल्या आहेत, सावध राहा. त्यानंतरचा शोध दप्तरखान्यातच घ्यावा लागतो.

१३/ आणि हा केवळ अभ्यासकांचा वाद नाही. एखादा प्रदेश मागास का, याचे उत्तर ‘तेव्हाची राजवट’ असे ठरले, की १९४८ नंतर झालेल्या किंवा न झालेल्या निर्णयांचा हिशोब कोणी मागत नाही. त्या प्रदेशात वाढलेल्या मुलांच्या कपाळी मात्र भूतकाळाचा शिक्का बसतो. असा शिक्का मारण्यापूर्वी साक्षीदार मोजणे, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.

१४/ पुढच्या वेळी असा नकाशा समोर आला, तर तो पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. यातले खरोखर स्वतंत्र पुरावे किती? शेजारी कोण आणि ते कोणी ठरवले? सरहद्दीच्या अगदी अल्याड-पल्याड काय दिसते? माझा तो जुना नकाशा मी अजून जपून ठेवला आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हेच तीन प्रश्न लिहिले आहेत.