'वर्क फ्रॉम होम सुरू आहे'

२०२३च्या रमजानमध्ये मी जळगावला घरी होतो. वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचो आणि कुणी विचारलं की 'वर्क फ्रॉम होम सुरू आहे' म्हणायचो. खरं म्हणजे मार्चच्या सुरुवातीलाच पुण्यातल्या कंपनीने आमची अर्धी टीम घरी पाठवली होती. त्याच जानेवारीत गुगलने १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टने १० हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं होतं. त्यामुळे हा माझ्या हुशारीचा निकाल नाही, हे डोक्याला कळत होतं. पण गल्लीतला पहिला इंजिनिअर म्हणून ज्याचं उदाहरण देतात, त्याने इफ्तारच्या दस्तरखानवर 'माझी नोकरी गेली' कसं म्हणायचं?

ही लाज मला महागात पडली. सहा आठवडे फक्त पोर्टलवर अर्ज टाकत राहिलो. दीडशेवर अर्ज गेले, फोन चार आले. कुणाला कळू नये म्हणून कुणाला विचारलंही नाही.

ईदला धुळ्याला देवपुरात मामूंकडे गेलो. माझा मामेभाऊ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "भाईजान, तीन दिवसांत तुम्हाला ऑफिसचा एक कॉल नाही. ठीक आहे ना सगळं?" मी सांगून टाकलं. त्याने विचारलं, "आधी तुमच्यासोबत काम केलेल्यांपैकी कितीजणांना माहीत आहे?" एकालाही नाही. "मग त्यांना काय स्वप्न पडणार आहे?"

त्या रात्री चाळीस जणांना मेसेज केले. नोकरी मिळाली ती दोन कंपन्यांपूर्वीच्या एका टेस्टरमुळे. त्याची माझी ओळख कॅन्टीनपुरती. जिवलग मित्रांनी धीर खूप दिला, पण त्यांच्याकडे नवी माहिती नव्हती. ते माझ्याच वर्तुळातले, मला ठाऊक तेच त्यांना ठाऊक. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली नेमकं हेच मांडलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती.

आपल्यासाठी ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांना सारख्या पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून पाहिले होते. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की मुस्लीम नावाच्या अर्जाला बोलावणं बरंच कमी येतं. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोलायलाच हवं. पण उद्या सकाळी अर्ज करणाऱ्याला आतला एक माणूस 'मी याच्यासोबत काम केलंय' म्हणाला, तर नावाच्या पलीकडे पाहिलं जाण्याची संधी वाढते. आणि तो माणूस आपल्याच मोहल्ल्यातला असेल ही अपेक्षा सोडा. आपली मुलं कॉलेजात चार वर्षं आपल्याच टोळक्यात बसतात. मीही बसलो.

काहींना हा वशिला वाटतो. मला तसं वाटत नाही. रेफरलने फक्त तुमचा रेझ्युमे कुणीतरी उघडतो. पुढच्या तांत्रिक फेऱ्या तुम्हालाच पार करायच्या असतात. मात्र विचारताना 'भाई, जॉब असेल तर बघ' असं मोघम लिहू नका. कोणती जागा, तिचा जॉब आयडी, आपण काय काम केलंय त्याच्या तीन ओळी आणि रेझ्युमे, एवढं एकाच मेसेजमध्ये द्या. समोरच्याला दोन मिनिटांत पोर्टलवर भरता आलं पाहिजे.

'पॉझिटिव्ह राहा' या सल्ल्याचा मला राग यायचा. अजूनही येतो. मला सावरलं ते घरी खरं सांगितल्याने, सकाळच्या दोन तास सरावाने आणि संध्याकाळी मेहरूण तलावाच्या फेरीने. नकाराचा मेल आला की त्या दिवशी पोर्टल पुन्हा उघडायचं नाही, हा नियमही केला होता. (तो बऱ्याचदा मोडला.)

मुलींचं काय, हा प्रश्न उरतोच. आपल्या ओळखी चहाच्या टपरीवर आणि मशिदीबाहेर होतात, तिथे त्या नसतात. जळगाव-धुळ्याच्या इंजिनिअरांचे दोन व्हॉट्सअ‍ॅप गट मला माहीत आहेत. दोन्हींत एकही मुलगी नव्हती. मी विषय काढला तर 'त्यांचा वेगळा गट काढू' असं उत्तर आलं. पण नोकरीची माहिती ज्यांच्याकडे आहे ते सगळे इकडे, मग त्या वेगळ्या गटात टाकणार कोण? यावर आमचा वाद अजून सुरू आहे. तोवर मला येणाऱ्या जागा मी ओळखीतल्या सहा मुलींना थेट पाठवतो.