नदी तुमच्या स्पीडची आहे का?

तीस सेकंदांची रील असते. बाल्कनीत कॉफीचा मग, समोर द्राक्षांचे मळे, टेकडीवर जुना किल्ला आणि बोट इतकी अलगद सरकतेय की मगातली कॉफीसुद्धा हलत नाही. तुम्ही ती फॅमिली ग्रुपवर टाकता. तासाभरात बाबांचा मेसेज येतो, ‘आपल्याला जमेल का हे? जरा बघ ना.’ झालं! युरोपच्या रिव्हर क्रूझचा अख्खा रिसर्च आता तुमच्या गळ्यात.

अशा वेळी आपण दोनच उत्तरं देतो. ‘कसलं भारी, जाऊयाच’ किंवा ‘छे, ते म्हाताऱ्यांचं काम’. माझं म्हणणं असं की दोन्ही उत्तरं आळशी आहेत. आईबाबांनी कित्येक वर्षं साठवलेले पैसे एका आठवड्यात खर्च होणार असतील, तर प्रश्न बोट भारी आहे का हा नाहीच. ज्याला जायचंय तो माणूस फिरतो कसा, हे आधी बघायला हवं.

त्यासाठी ही भानगड नेमकी काय असते, ते समजून घ्या. समुद्रातल्या क्रूझवर हजारो माणसं, कॅसिनो, घसरगुंड्या असतात. नदीतली बोट छोटी, साधारण दीडशे ते दोनशे प्रवाशांची. ती मोठी करताच येत नाही, कारण वाटेत पाणी अडवून बोट वर-खाली करणारे लॉक असतात आणि त्यांतल्या अनेकांची रुंदी जेमतेम १२ मीटर. ऱ्हाईनवर बहुतेक बोटी ॲम्स्टरडॅम ते बासेल जातात. डॅन्यूबवरचा गाजलेला मार्ग म्हणजे पासाऊ, व्हिएन्ना, ब्रातिस्लावा, बुडापेस्ट. जेवणखाण आणि गाइडसोबतची भटकंती बहुतेक पॅकेजमध्येच धरलेली असते. बॅग एकदाच उघडायची, हॉटेल तुमच्यासोबत चालतं.

आता स्वतःला तीन प्रश्न विचारा. खरी उत्तरं द्या, इन्स्टावाली नकोत.

पहिला : संध्याकाळी सातनंतर तुम्ही काय करता? नव्या शहरात तुमची मजा रात्री सुरू होत असेल, तर थांबा. बोटीची निघायची वेळ ठरलेली असते आणि ती तुमच्यासाठी थांबत नाही. बुडापेस्टच्या जुन्या वाड्यांमधले पब रंगात येईपर्यंत तुम्ही कदाचित पुढच्या गावाच्या वाटेवर असाल. पण रात्री नऊला जेवून डेकवर शांत बसणं हीच ज्याची चैन आहे, त्याला यापेक्षा सुख नाही.

दुसरा : प्लॅन फिसकटला तर तुम्ही काय करता? नदी वेळापत्रक पाळत नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये ऱ्हाईनचं पाणी इतकं आटलं की काउबच्या मापकावर ते ४० सेंटिमीटरच्याही खाली गेलं. उलट २०१३च्या जूनमध्ये डॅन्यूबच्या पुरात पासाऊ बुडालं. पाणी कमी झालं की बोट रुतते, जास्त झालं की पुलाखालून जात नाही. मग काही टप्पे चक्क बसने करावे लागतात. करारातली मार्ग बदलण्याची अट वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

तिसरा : तुम्हाला जागा बघायच्यात की मोजायच्यात? ऱ्हाईनचा बिंगेन ते कोब्लेन्झ हा ६५ किलोमीटरचा पट्टा युनेस्कोच्या यादीत आहे. तिथे करायचं काय, तर फक्त बघायचं. किल्ला आला, गेला, दुसरा आला. ‘आठ दिवसांत सहा देश’वाल्यांना हे बोअर होईल. आणि हो, धक्क्यावर गर्दी असली की बोटी एकमेकींना चिकटून लावतात. तेव्हा महागड्या बाल्कनीतून शेजारच्या बोटीतले काका दिसतात, किल्ला नाही.

आपल्या वयाचं काय? युनिवर्ल्ड नावाच्या कंपनीने २०१८मध्ये खास २१ ते ४५ वयासाठी काळ्या रंगाच्या बोटी आणायच्या ठरवल्या. पण सुरू होण्याआधीच वयाची वरची मर्यादा काढून टाकावी लागली. यातून ‘हे वयस्करांचंच’ असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. मला मात्र वाटतं, मुद्दा वयापेक्षा स्पीडचा आणि खिशाचा आहे. भाडं माणशी लाखांच्या घरात, विमान आणि शेंगेन व्हिसाची ९० युरो फी वेगळी. एकटे गेलात तर दोघांच्या केबिनचा भुर्दंड बहुधा तुमच्यावरच.

आणि नदीवर काही क्रूझवाल्यांची मालकी नाही. व्हिएन्ना ते ब्रातिस्लावा ट्रेनने तासाभरात जाता येतं, साध्या प्रवासी बोटीनेही सव्वा तासात. पासाऊ ते व्हिएन्ना डॅन्यूबच्या काठाने सायकलचा रस्ता आहे. बुडापेस्टची दोन नंबरची ट्राम नदीकाठाने संसदेजवळून जाते, तेही साध्या तिकिटात. एक्स्चेंज किंवा मास्टर्ससाठी तिकडे जाणार असाल, तर नदी अशीच बघा. पाय धड आहेत, हॉस्टेलच्या बंक बेडवर झोप लागते, तोवर लाखांची केबिन कशाला?

पण हाच तर्क आईबाबांना लावू नका, प्लीज. रोज पहाटे बॅग भरून बसमध्ये चढण्यापेक्षा एकाच खोलीत आठवडा काढणं त्यांच्या गुडघ्यांना जास्त मानवेल. किंवा तुमच्या आईला गल्ल्या तुडवायलाच आवडत असेल आणि बोटीवर तिचा जीव गुदमरेल. ‘या वयात तुम्हाला हेच बरं’ असं आपण परस्पर ठरवून टाकतो, ते मला खटकतं. बारावीनंतर आपली साइड कोणी परस्पर ठरवली तेव्हा आपल्यालाही राग आला होताच ना?

म्हणून रिसर्च जरूर करा. सगळ्यात खालच्या डेकवरच्या केबिनची खिडकी छोटी आणि बहुधा न उघडणारी असते, हे सांगा. लिफ्ट प्रत्येक डेकला जाते का, शाकाहारी जेवणाचं आधी कळवावं लागतं का, दगडी रस्त्यांवर किती चालायचंय, हे विचारून घ्या. मग ते तीन प्रश्न त्यांच्यासमोर ठेवा आणि गप्प बसा. उत्तर त्यांना देऊ द्या. पैसे त्यांचे, सुट्टी त्यांची, स्पीडही त्यांचाच असू दे.