केसाळ मांजर आणावे, पण इथली हवा विचारून

करंजाच्या धक्क्यावर मांजर विकत कोणी आणत नाही. होड्या लागल्या, मासळीच्या टोपल्या उतरू लागल्या की ती आपसूक येते, वाट्याचे खाते आणि सुकट घातलेल्या खळ्याच्या कडेला जाऊन पडते. तिची जात कोणती, वजन किती, असे प्रश्न तिथे कोणाच्या मनात येत नाहीत. पण उरण-पनवेल पट्टा बदलतो आहे. १२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी अटल सेतू खुला झाला आणि लोकलही उरणपर्यंत धावू लागली. उलवे, द्रोणागिरीच्या नव्या इमारतींत नवी कुटुंबे आली, आणि त्यांच्या मोबाइलवर सिंहासारखी आयाळ आणि झुबकेदार शेपटी असलेल्या मेन कून मांजराचे फोटोही आले. मुलांचा हट्ट सुरू होतो आणि एखाद्या रविवारी पिल्लू घरात येते.

प्राण्याची आवड असणे चांगलेच. आक्षेप आहे तो निवडीच्या क्रमाला. आधी फोटो आवडतो, मग किंमत ठरते आणि हवामान, आजार, रोजची देखभाल हे विषय पिल्लू आजारी पडल्यावर निघतात. हा क्रम उलटा करायला हवा.

मेन कून हे अमेरिकेच्या ईशान्य टोकावरच्या मेन राज्याचे मांजर. १९८५मध्ये तिथे त्याला अधिकृत राज्य-मांजराचा मान मिळाला. तिथला हिवाळा बर्फाचा असतो. पोटाखालची दाट लव, पंजांच्या तळव्यांतून डोकावणारे केसांचे झुपके आणि झोपताना अंगाभोवती लपेटता येईल अशी शेपटी ही सगळी त्या थंडीत उपयोगी पडणारी सामग्री. बोका साधारण सहा ते आठ किलोचा होतो आणि पूर्ण वाढ व्हायला तीन-चार वर्षे लागतात. दुसरे लोकप्रिय केसाळ मांजर म्हणजे पर्शियन. त्याचे नाव इराणशी जोडलेले असले, तरी आजचा चपटा चेहरा माणसाने निवडक पैदाशीतून घडवलेला आहे.

लांब केसांमागचे विज्ञान ग्राहकाला उपयोगी पडेल असे आहे. केसाची वाढ कुठे थांबवायची हे सांगणारे एफजीएफ-५ नावाचे जनुक असते. त्यात बिघाड झाला की थांबण्याचा निरोप मिळत नाही आणि केस वाढत राहतात. मांजरांमध्ये असे बिघाड २००७मध्ये शोधले गेले. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच पिल्लू केसाळ होते. त्यामुळे आखूड केसांच्या दोन साध्या मांजरांनाही कधी कधी केसाळ पिल्लू होऊ शकते. थोडक्यात, लांब केस हा जातीचा पुरावा नव्हे. केवळ झुबका पाहून मेन कूनचे पैसे मोजणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

आता आपल्या हवेचा विचार करू. मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. एरवी ते अंग चाटून थुंकीच्या बाष्पीभवनाने थंड होते. खाडीकाठच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि जाड कोटाखाली उष्णता अडकते. पर्शियनच्या चपट्या नाकामुळे श्वासही अपुरा पडतो. मांजर कुत्र्यासारखे तोंड उघडून धापा टाकू लागले, लाळ गाळू लागले, तर ती गंमत नसते. त्याला सावलीत, पंख्याखाली न्यावे, साध्या पाण्याने अंग ओले करावे आणि लगेच पशुवैद्याकडे धाव घ्यावी. बर्फाचे पाणी वापरू नये. आणि उन्हाळा आला म्हणून घरच्या घरी केस भादरून टाकू नयेत. कातरीने पातळ त्वचा सहज फाटते. केस काढायचे की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे.

पावसाळ्यात दुसरी अडचण सुरू होते. ओलसर राहिलेल्या कोटात गुंता होतो, गुंत्याच्या जटा होतात, जटांखालची कातडी लाल होऊन चिघळते. त्यात पिसवा वाढतात आणि बुरशी धरते. मांजराच्या अंगावर केस गेलेली गोल चकती दिसली आणि काही दिवसांनी घरातल्या मुलाच्या हातावर तसाच गोल चट्टा उठला, तर तो गजकर्ण असण्याची शक्यता मोठी. मांजराकडून माणसाला होणारा हा नेहमीचा संसर्ग आहे आणि केसाळ मांजरांत, विशेषतः पर्शियनमध्ये, तो अधिक आढळतो. अशा वेळी मांजर आणि माणूस दोघांवरही उपचार व्हावे लागतात, नाहीतर तो घरात फिरत राहतो. म्हणून पर्शियनला रोज आणि मेन कूनला आठवड्यातून निदान दोन-तीनदा स्टीलच्या फणीने मुळापासून विंचरावे लागते. काखा, पोट आणि शेपटीखालचा भाग चुकवायचा नाही. मांजर बारा-पंधरा वर्षे जगते. तेवढी वर्षे हे काम घरात कोण करणार, याचे उत्तर पिल्लू आणण्याआधी मिळायला हवे.

हवेपेक्षा मोठा प्रश्न रक्तातून येतो. मेन कूनमध्ये हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा आनुवंशिक आजार आहे. त्यामागचा एक जनुकीय बदल २००५मध्ये सापडला आणि जगभरातल्या तपासण्यांत सुमारे एक तृतीयांश मेन कूनमध्ये तो आढळला. तो असलेले प्रत्येक मांजर आजारी पडतेच असे नाही, पण दोन्ही प्रती सदोष असल्या तर धोका बराच वाढतो. हा आजार गुपचूप वाढतो. खेळते-खाते मांजर अचानक कोसळते किंवा रक्ताची गाठ अडकून त्याचे मागचे पाय लुळे पडतात. पर्शियनमध्ये अशीच आनुवंशिक व्याधी मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी करते. तिचे जनुक २००४मध्ये कळले. दोन्हींची जनुकीय चाचणी होऊ शकते. टूडी इको आणि सोनोग्राफी माणसांची होते तशी मांजरांचीही होते.

म्हणून विक्रेत्याकडे वंशावळीच्या रंगीत प्रमाणपत्राआधी पिल्लाच्या आईवडिलांच्या तपासण्यांचे कागद मागावेत. आई प्रत्यक्ष पाहावी, ती कोणत्या जागेत राहते तेही पाहावे. बारा आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊ नये. कागद नाहीत, आई दाखवता येत नाही, पिल्लू स्टेशनवर आणून देतो, असे कोणी म्हणाले तर परत फिरावे. असे पिल्लू दयेपोटी विकत घेतले, तरी त्या पैशांवर पुढची वीण निघते.

कायद्याने यात मदत करायला हवी होती. केंद्राने २०१७मध्ये पैदाशीचे नियम केले ते कुत्र्यांसाठी. मांजरे त्यांत आली नाहीत. २०१८च्या नियमांनी पाळीव प्राण्यांच्या दुकानांना नोंदणी सक्तीची केली. पण फ्लॅटच्या एका खोलीत विणी काढून फोनवरून विकणाऱ्यापर्यंत दुकानाचा नियम कसा पोहोचणार? मांजरांच्या पैदाशीलाही नोंदणी आणि आईवडिलांच्या आरोग्य तपासणीची अट लावावी, ही मागणी मला रास्त वाटते. तोवर नकार देणारा ग्राहक हाच काय तो अंकुश.

करंजासारख्या गावात एक समज आणखी पक्का असतो, की मांजराला मासळी मिळाली की झाले. मांजर पूर्ण मांसाहारी आहे. त्याला टॉरिन हे द्रव्य अन्नातूनच मिळावे लागते. ते कमी पडले की हृदय कमकुवत होते, हे १९८७मध्ये सिद्ध झाले. दूधभात आणि दूधपोळीवर ते नीट जगत नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. पण नुसती मासळीही पुरत नाही. काही माशांच्या कच्च्या मांसात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, आणि तारलीसारखी तेलकट मासळी रोज दिली तर ई जीवनसत्त्व कमी पडून शरीरातल्या चरबीला वेदनादायक सूज येते. शिजवलेली, काटे काढलेली मासळी अधूनमधून द्यावी. मुख्य आहार मांजरांसाठी बनवलेला संतुलित असावा. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये, एका गोळीनेही ते दगावू शकते. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिन असलेले गोचिडांचे औषध आणि फुलदाणीतली लिली याही जिवावर बेतणाऱ्या गोष्टी आहेत.

यावर कोणी म्हणेल, आमच्या घरी एसी आहे, वेळ आहे, डॉक्टर जवळ आहेत. तसे असेल तर जरूर आणा. लसीकरण, नसबंदी आणि वर्षातून एकदा हृदयाची तपासणी करा, खिडक्यांना मजबूत जाळी लावा. झोपलेल्या मांजराचे श्वास मोजायची सवय ठेवा. मिनिटाला तीसच्या वर जाऊ लागले तर डॉक्टरांना कळवा. अशा घरात मेन कून सुखाने नांदते आणि स्वभावाने ते मोठे प्रेमळ असते.

पण अनेक घरांना खरे तर मांजर हवे असते, फोटो नव्हे. त्यांच्यासाठी धक्क्यावरचे किंवा सोसायटीच्या आवारातले पिल्लू अधिक योग्य. त्याचा आखूड कोट याच हवेत पिढ्यानपिढ्या टिकला आहे. त्यालाही लस, जंतांचे औषध आणि नसबंदी लागतेच, मात्र रोजच्या विंचरण्यातून आणि पुष्कळशा आनुवंशिक धोक्यांतून सुटका होते. आणलेले केसाळ मांजर झेपेना म्हणून त्याला धक्क्यावर सोडून येणे हा मात्र पर्याय नाही. घरात वाढलेले, जटा झालेले मांजर तिथे फार दिवस तग धरत नाही, आणि उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. न झेपणाऱ्या मांजरासाठी दुसरे घर शोधून देणे ही मालकाचीच जबाबदारी आहे.