मिठाचे ट्रक निघण्याआधी चाके तपासा
टोरांटो परिसरातील मराठी बंधू-भगिनींना जाहीर आवाहन



येत्या काही आठवड्यांत ओंटारिओच्या रस्त्यांवर मीठ पडू लागेल. त्याआधी प्रत्येकाने आपल्या गाडीची चारही चाके नीट पाहून घ्यावीत, ही कळकळीची विनंती. इथला पहिलाच हिवाळा काढणारे विद्यार्थी आणि जुनी गाडी घेतलेली नवी कुटुंबे यांनी तर हे आवर्जून वाचावे.

पावसाळ्याआधी ब्रेक आणि वायपर बघून घेण्याची सवय आपल्याला गावाकडून आहे. मिठाची मात्र नाही. कॅनडात दर हिवाळ्यात सुमारे 50 लाख टन मीठ रस्त्यांवर पडते. त्याने बर्फ वितळतो, अपघात टळतात, म्हणून ते हवेच. पण तेच खारे पाणी चाकांच्या आतल्या बाजूला साचून राहते. अलॉय रिमवर पारदर्शक लेप असतो. फुटपाथच्या कडेला रिम घासली की तो उडतो. नखाएवढ्या त्या जागेतून खारे पाणी आत शिरते आणि लेपाखाली पांढरट, नागमोडी रेघा पसरत जातात. टायर जिथे रिमला घट्ट टेकतो ती कडा अशी खराब झाली की पंक्चर सापडत नाही, पण हवा मात्र सतत कमी होत राहते.

त्यात खड्ड्यांची भर. डांबराच्या भेगांत शिरलेले पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसा वितळणे आणि रात्री गोठणे सुरू झाले की रस्ता उखडतो. हवा कमी असलेले चाक अशा खड्ड्यात आपटले की रिम वाकते.

म्हणून प्रत्येकाने एवढे करावे :

1. हिवाळी टायर वेगळ्या स्टीलच्या रिमवर बसवून घ्या. पारा 7 अंशांखाली गेला की साध्या टायरचे रबर कडक होऊ लागते. टायरच्या बाजूवर तीन शिखरांत हिमकण असे चिन्ह आहे ना, ते पाहा. स्टीललाही गंज चढतो, पण ती रिम स्वस्त असते आणि बदलणे परवडते. अलॉयची चाके धुऊन, कोरडी करून ठेवून द्या. क्वेबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ओंटारिओत सक्ती नसली, तरी 2016 पासून विमा कंपन्यांना त्यासाठी सवलत द्यावीच लागते. ती मागून घ्या.

2. चाक बदलताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढायला सांगा. गंजावर चाक सपाट बसत नाही. नट टॉर्क पान्यानेच आवळून घ्या आणि शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासा. निसटलेले चाक मागून येणाऱ्याचा जीव घेऊ शकते.

3. दर महिन्याला सकाळी, गाडी थंड असताना, हवा मोजा. तापमान 5-6 अंशांनी उतरले की दाब साधारण 1 पीएसआयने घटतो. किती हवा हवी, तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो.

4. पारा शून्याच्या वर गेला की त्या दिवशी चाके आतून-बाहेरून धुऊन घ्या. आम्लयुक्त क्लीनर वापरू नका. धुतल्यावर हळू वेगात चार-दोनदा ब्रेक दाबा, म्हणजे ते कोरडे होतील.

5. बर्फ पडून गेल्यावर स्टिअरिंग थरथरू लागले, तर आधी रिमच्या आत अडकलेला बर्फ पाहा. तो मऊ ब्रशने काढा. हातोडी किंवा उकळते पाणी नको.

6. खड्डा दिसला की नगरपालिकेला कळवा. टोरांटो शहरात त्यासाठी 311 हा क्रमांक आहे.

आता जुन्या-जाणत्यांना एक खास विनंती. बेसमेंटमध्ये किंवा फ्लॅटमध्ये भाड्याने राहणाऱ्या कितीतरी मुलांना चाकांचा दुसरा संच ठेवायलाच जागा नसते, आणि तेवढ्यासाठी ती साध्या टायरवर हिवाळा काढतात. ज्यांच्याकडे गॅरेज आहे, त्यांनी अशा एकाची तरी चार चाके वसंतापर्यंत ठेवून घ्यावीत. ज्यांच्याकडे टॉर्क पाना आहे, त्यांनी तो शेजाऱ्याला द्यावा. दिवाळीच्या फराळाला नव्या मंडळींना बोलवाल, तेव्हा त्यांच्या टायरचीही चौकशी करा.

पहिला बर्फ पडला की टायरच्या दुकानांत लवकर नंबर लागत नाही. तेव्हा ऑक्टोबर संपण्याआधीच वेळ ठरवा, स्वतःसाठी आणि ज्याला इथले अजून काही ठाऊक नाही त्याच्यासाठीही.

आपला नम्र,
टोरांटो परिसरातील एक मराठी कार्यकर्ता