खाज थांबली म्हणजे बुरशी गेली का?

मित्रहो, एक सरळ प्रश्न विचारतो. या पावसाळ्यात आपल्या हॉस्टेलमध्ये किती जणांना नायटा झाला? हात वर करा म्हटलं तर एकही हात वर होणार नाही, हे मला माहीत आहे. "अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर" अशी म्हण आहे. आपल्याकडे तर जावयाचीही गरज नाही, रूम पार्टनरच डॉक्टर असतो!

म्हणून सुरुवात स्वतःपासूनच करतो. सेकंड इयरला असताना माझ्या मांडीवर रुपयाएवढा गोल चट्टा उठला. लाजेपोटी कुणाला दाखवला नाही. रूम पार्टनरकडे अर्धी वापरलेली एक ट्यूब होती. त्यानं ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणली होती. लावली. तिसऱ्या दिवशी खाज गायब, लाली गायब. मी खूश! ट्यूब बंद केली. दोन आठवड्यांनी चट्टा परत आला, तो तळहाताएवढा होऊन, आणि सोबत आणखी दोन घेऊन.

दिवाळीच्या सुट्टीत कळंबला घरी गेलो. आमच्या तुरीत मर लागली होती. एरवी शेत हिरवंगार, पण मधेच एक पट्टा वाळलेला. अण्णांनी एक झाड उपटलं, खोड विळ्यानं उभं चिरलं आणि मला दाखवलं. आत काळपट रेघ होती. मी म्हणालो, "पाणी कमी पडलं असंल." अण्णा म्हणाले, "वरून कितीबी पाणी दे, रोग आत हाय. पुढच्या साली हितं तूर नाही, ज्वारी."

अण्णा दहावी नापास आहेत. मी इंजिनिअरिंगला. पण त्यांनी खोड चिरून आत बघितलं आणि मी मात्र वरची लाली गेली म्हणून रोग गेला असं समजलो. खरं सांगतो, त्या दिवशी लाज वाटली, आणि ती नायट्याची नव्हती.

सुट्टीतच लातूरला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी चट्ट्याच्या कडेची त्वचा खरवडली, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्या वेळानं मला मायक्रोस्कोपखाली बघायला लावलं. फांद्या फुटलेले बारीक धागे दिसत होते. तुरीच्या खोडातली फ्युजेरियम आणि माझ्या मांडीवरची ट्रायकोफायटॉन, दोघी बुरशीच. एक झाडाची पाणी वाहणारी नळी बुजवते, दुसरी आपल्या त्वचेतलं केराटिन खाते.

ही धाग्यासारखी वाढ समजून घेण्यासारखी आहे, विशेषतः आपल्यासारख्या नटबोल्टवाल्यांनी. बुरशीचा धागा टोकालाच वाढतो. पेशीच्या आतून सूक्ष्म पिशव्या भित्तिकेचा माल घेऊन टोकाकडे धावतात. टोकाची भित्तिका मऊ असते, मागची कडक होत जाते, आणि आतला पाण्याचा दाब टोक पुढे रेटतो. स्वतःच पाइप तयार करत पुढे जाणारी पाइपलाइन म्हणा ना! भातावर करपा आणणारी बुरशी पानात घुसताना आपल्या एका खास पेशीत तब्बल ८० वातावरणांइतका दाब तयार करते. मोटारीच्या टायरमध्ये आपण दोन-अडीच वातावरणांची हवा भरतो, यावरून अंदाज करा. नायट्याची बुरशी एवढी दांडगाई करत नाही. ती केराटिन विरघळवणारी एन्झाइम सोडत कडेकडेनं पसरत जाते. म्हणून तर नायटा गोल असतो, आणि त्याची कड जिवंत असते.

आता त्या ट्यूबचं. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत तगडं स्टेरॉइड असतं. खाज आणि लाली ही बुरशीची नव्हे, आपल्या शरीरानं बुरशीविरुद्ध पुकारलेल्या लढाईची खूण असते. स्टेरॉइड ती लढाईच थांबवतं. म्हणजे चोर घरात आहे आणि आपण कुत्र्याला झोपेचं औषध दिलं! चट्टा ओळखू येईनासा होतो, बुरशी निवांत पसरते आणि जास्त दिवस लावलं तर त्वचा पातळ होऊन कायमचे पट्टे उठतात. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडांच्या मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली, ती उगाच नाही.

हे फक्त खाजेपुरतं आहे असं समजू नका. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसनं महाराष्ट्रात काय केलं ते आपण पाहिलं आहे. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर, या दोन गोष्टींनी एरवी मातीत आणि कुजक्या पाल्यात राहणाऱ्या बुरशीला माणसाच्या नाकातून डोळ्यापर्यंत आणि मेंदूपर्यंत वाट करून दिली. अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात फिरत होते. कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा, कुणी गेलंच.

मग औषधं एवढी कमी का? कारण बुरशी नात्यानं आपल्या जवळची आहे. झाडांपेक्षाही ती प्राण्यांच्या जवळ जाते. तिच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक, आपल्यासारखीच मायटोकाँड्रिया. जिवाणू मारणं त्या मानानं सोपं, त्याची पेशीच वेगळ्या बांधणीची. बुरशीला मारायचं आणि माणसाला वाचवायचं, तर दोघांतला फरक शोधावा लागतो. असे फरक मोजकेच आहेत: तिची कायटिन-ग्लुकनची भित्तिका, आणि आपल्या कोलेस्टेरॉलच्या जागी तिच्या पटलात असलेलं एर्गोस्टेरॉल. टर्बिनाफीनसारखी गोळी हे एर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या वाटेतलं एक एन्झाइम अडवते. पण अर्धवट उपचारांच्या कृपेनं आपल्याकडे त्या एन्झाइमचीच घडण बदललेली बुरशी फोफावली आहे. टर्बिनाफीनला अनेकदा दाद न देणाऱ्या या बुरशीला २०२० मध्ये नाव मिळालं ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. नावातच इंडिया! अभिमान वाटावा असं हे नाव नव्हे.

"बुरशीच्या पेशी बघत बसून काय मिळतं?" असं आपल्या मेसच्या टेबलावर कुणीतरी विचारलं होतं. त्याला उत्तर देतो. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. त्या सूक्ष्मजीवाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, म्हणजे पिंपरीचं नाव विज्ञानात गेलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बुरशी गोल पेशीचा धागा कशी करते यावर वर्षानुवर्षं काम झालं. आपल्या मराठवाड्यात, नांदेडच्या विद्यापीठात, कँडिडा या बुरशीचे धागे कसे रोखता येतील यावर संशोधन झालं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं माणसाला धोकादायक अशा १९ बुरशींची यादी काढली. पुढचं औषध याच "बघत बसण्यातून" येणार आहे, ट्यूबच्या जाहिरातीतून नव्हे.

असो. संशोधन शास्त्रज्ञ करतील, आपण काय करायचं? अण्णांचाच हिशेब लावू. मर लागलेलं झाड आपण उपटतो, लपवत नाही. त्याच रानात परत तूर पेरत नाही. मग इथं काय करतो? एकाचा टॉवेल चौघं वापरतो, सगळ्यांचे कपडे एकाच बादलीत भिजवतो आणि ओली जीन्स तशीच चढवून प्रॅक्टिकलला पळतो. बुरशीचे बीजाणू कपड्यांवर, चादरीवर महिनोन्‌महिने टिकतात. टॉवेल स्वतःचा ठेवा, कपडे गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात वाळवा. चट्टा दिसला तर डॉक्टरला दाखवा आणि खाज थांबली तरी डॉक्टर सांगेपर्यंत औषध सोडू नका. माझं औषध खाज थांबल्यावरही कित्येक आठवडे चाललं. कंटाळा आला, पण नायटा परत आला नाही.

आणि वॉर्डन सर, रेक्टर मॅडम, एक विनंती तुमच्याकडे. पावसाळ्यात हॉस्टेलवर कपडे वाळवायला जागाच नाही. खोलीतल्या दोरीवर ते दोन-दोन दिवस कुबट वास मारत लटकतात. गच्चीवर पारदर्शक पत्र्याची एक शेड टाकून द्या. सिव्हिलची पोरं डिझाइन फुकटात करून देतील, याची जबाबदारी माझी! आणि सत्रातून एकदा त्वचारोगतज्ज्ञांना बोलवा. तपासणी बंद खोलीत, एकेकट्याची, म्हणजे पोरं लाजणार नाहीत.

माझ्या त्या रूम पार्टनरनं परवा ट्यूब कचऱ्यात टाकली. मी विचारलं, "का रे?" तर म्हणाला, "खोड चिरून बघायला लातूरला चाललोय."